वाळवंटातली होडी

बुकित पंजांग, सिंगापूर,
मंगळवार, दुपार

प्रिय इरा,

आपल्या ब्लॉकच्या खाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेतल्या त्या सिमेंटच्या टेबलाशी बसून लिहितेय. तेच टेबल, ज्यावर पट रंगवलेला आहे आणि जिथे हरलीस की तू सोंगट्या उधळून द्यायचीस. समोर दोन चिनी आजोबा खेळतायत आणि तिसरे उभे राहून दोघांनाही शिव्या घालतायत. पानं भरली की एकेकाचा फोटो काढून तुला पाठवीन. इतक्या वर्षांनी हातानं लिहितेय, अक्षर बघून हसू नकोस. फोन का नाही केला, असं विचारशील. आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत, स्वयंपाकघरात मी बिस्किटांचा डबा उघडला तरी आतल्या खोलीत ऐकू जातं. आणि मला तुझ्याशी त्या आतल्या खोलीबद्दलच बोलायचं आहे.

डिसेंबरात तू परत गेल्यापासून आपण दर रविवारी बोलतो. तू अलास्कातल्या तुझ्या फेअरबँक्सच्या बर्फाचं सांगतेस, मी इथल्या उकाड्याचं, बाबा त्यांच्या गुडघ्याचं. मग तू विचारतेस, घरी सगळे ठीक ना, आणि मी म्हणते, ठीक. त्या 'सगळे'मध्ये आम्ही दोघं येतो की तिघं, हे तू विचारत नाहीस आणि मी सांगत नाही. तर एकदा सरळ लिहूनच टाकते, कारण हे वाक्य आपल्यापैकी कोणी आजवर पूर्ण उच्चारलेलं नाही. तुझा दादा त्याच्या खोलीत जाऊन बसला आहे, आणि मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून तो आमच्यासमोर बाहेर आलेला नाही. का, ते मला माहीत नाही. वन-नॉर्थच्या ऑफिसातली नोकरी त्यानं स्वतःहून सोडली. ऑफिसातल्या मुलांना विचारलं, ती म्हणाली चांगला होता, शांत होता. एनएसच्या सक्तीच्या लष्करी सेवेत काही झालं होतं का, कुठली मुलगी होती का, कसलं व्यसन होतं का, सगळं शोधून झालं. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

तुला वाटत असेल, आम्ही हातावर हात धरून बसलोय. तसं नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्याला घर रिकामं करून देतो. बाबा ऑफिसातून आले की चहा न घेताच आम्ही खाली उतरतो आणि हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलांसमोर जाऊन बसतो. कोपी घेतो, ती गोडमिट्ट कॉफी गार होईपर्यंत बसतो, मग आणखी एक घेतो. तेवढ्या वेळात तो बाहेर येतो. आंघोळ करतो, झाकून ठेवलेलं खातो, हॉलच्या खिडकीशी उभाही राहत असावा, कारण पडदा मी ठेवला होता तसा नसतो. परत आल्यावर मी लगेच काही आवरत नाही, आधी सगळं बघून घेते. पोह्यांतले दाणे खाल्लेले असतात, कढीपत्ता ताटाच्या कडेला ओळीनं लावलेला असतो, लहानपणी लावायचा तसा. पेला धुऊन उपडा ठेवलेला असतो. पेपर उघडलेला असतो, तोही खेळाच्या पानावर नाही, हवामानाच्या. बाहेर न पडणाऱ्या माणसाला उद्या पाऊस आहे की नाही याचं काय करायचं असतं, मला सांग. एकदा ड्रॉवरमधलं नेलकटर गायब झालं. मी धसकून गेले, बाबांना बोललेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ते परत जागेवर होतं. त्या दिवशी मी शिरा केला. जो नखं कापतो त्यानं अजून सगळं सोडून दिलेलं नाही, असं मी ठरवून टाकलं. खरंखोटं मला माहीत नाही.

मध्यंतरी तर मी वेड्यासारखंच केलं. त्याच्या खोलीची खिडकी एलआरटीच्या, त्या छोट्या ट्रेनच्या रुळांकडे आहे ना, म्हणून म्हटलं बाहेरून बघू. भर दुपारी गाडीत चढले आणि काचेला नाक लावून उभी राहिले. आपला ब्लॉक जवळ आला आणि काचा धुरकट झाल्या. इतकी वर्षं या गाडीतून जातेय, घरांजवळून जाताना आतल्या लोकांचा खासगीपणा जपायला काचा आपोआप पांढऱ्या होतात, हे काय मला नवीन होतं? पण त्या दिवशी विसरले होते. पूर्ण गोल फेरी मारून पुन्हा तिथे आले, पुन्हा तेच. शेजारच्या मलाय बाईनं उठून मला जागा दिली, तिला वाटलं मला चक्कर येतेय.

आता तुझ्या प्रबंधाचं. जानेवारीत तू मला दुसरं प्रकरण पाठवलंस ते तळटीपा आणि संदर्भ तपासायला. आईचा जन्म बँकेत गेला, तिला रकाने जुळवता येतात, एवढंच तुला हवं होतं. मी ते खालच्या दुकानातून छापून आणलं. त्याच सुमाराला समुपदेशक बाई घरी येऊन गेल्या होत्या. फार गोड बाई, दाराशी बसून तासभर बोलल्या, आतून हूं की चूं नाही. जाताना म्हणाल्या, दार ठोठावू नका, प्रश्न विचारू नका, पण घरात माणसांचा आवाज असू द्या. आता बाबांमध्ये आणि माझ्यात बोलण्यासारखं उरलंय काय? गुडघा, विजेचं बिल, आणि तो एक विषय, जो बोलायचा नाही. म्हणून मी पॅसेजमध्ये त्याच्या दाराशेजारी स्टूल टाकलं आणि तुझं प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले. आधी इंग्रजी वाचायचं आणि मागोमाग मराठीत स्वतःला समजावून सांगायचं, नाहीतर माझ्या डोक्यात काही शिरत नाही. तुमच्या त्या शब्दांमधली अक्षरं, पोटातून रेघ गेलेला एल, खाली शेपट्या, वर टोप्या, जमेल तशी उच्चारते. ती भाषा बोलणाऱ्या तिकडच्या आज्यांनी ऐकलं तर मला गावाबाहेर काढतील.

पण मुद्दा मला कळलाय असं वाटतं, तपासून बघ. अथाबास्कन भाषा बोलणारी माणसं आज एकमेकांपासून फार लांब आहेत. बरीचशी अलास्का आणि कॅनडाच्या थंड जंगलांत, थोडी पॅसिफिकच्या किनाऱ्याला, आणि नवाहो, अपाचे वगैरे थेट खाली, अमेरिकेच्या वाळवंटात. एकत्र होती तेव्हाचं त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. मग तुम्ही लोक या लांब गेलेल्या भाषांमधले शब्द शेजारी शेजारी मांडता. एकच शब्द, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या आवाजांच्या फरकासकट, उत्तरेतही सापडला आणि दक्षिणेतही, आणि कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही अशी खात्री पटली, की तो सगळे एकत्र होते तेव्हाचा. आणि शब्द होता म्हणजे वस्तू होती. असं करत करत तुम्हाला बर्चचं झाड मिळालं, नदीत बांध घालणारा बीव्हर मिळाला, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे मिळाले, होडी मिळाली. मक्याला मात्र असा जुना शब्द नाही. नवाहोंच्या मक्याच्या नावाचा अर्थ परक्यांचं अन्न असा लावतात, म्हणजे मका त्यांना पुढे कोणाकडून तरी मिळाला. मला हे फार आवडलं. आम्ही बँकेत दुसरं काय करायचो, दोन वेगळ्या ठिकाणचे कागद एकमेकांना न विचारता जुळले तरच नोंद खरी. एका गोष्टीचा मात्र त्रास झाला. ती माणसं उत्तरेतून का निघाली, हे शब्द सांगत नाहीत. थंडी, उपासमार, भांडणं, ज्वालामुखीची राख, तू सगळ्या शक्यता लिहिल्या आहेस आणि शेवटी म्हटलं आहेस की निघाले एवढं कळतं, कारण कळत नाही. ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं नाही.

पुढे अस्वलाचं पान आलं. तिकडच्या काही समाजांत अस्वलाचं नाव सरळ घेत नाहीत, विशेषतः बायका, आडवळणानं बोलतात. आणि तू बजावलं आहेस, की अशा वेळी जुना शब्द सापडला नाही म्हणून अस्वलच नव्हतं असं समजायचं नाही, उलट त्याची एवढी धास्ती होती की नाव घ्यायची सोय नव्हती. मी स्टुलावर बसून आपल्या घराचा विचार केला. बाबा 'तो' म्हणतात. मी 'आत' म्हणते, आत नेऊन ठेवा, आत ऐकू जाईल. महाराष्ट्र मंडळातल्या मीनलनं विचारलं तर 'वर्क फ्रॉम होम'. मीनलला थोडी कुणकुण लागलीय, ती म्हणते एकदा चांगला दम द्या, आपण मुलांचे फार लाड केले. मी तिला पुरणपोळी दिली आणि विषय बदलला. आणि तू, इरा, डिसेंबरापासून 'दादा' हा शब्द उच्चारलेला नाहीस. उद्या तुझ्यासारखं कोणी येऊन आपल्या घरातले शब्द गोळा करायला बसलं, तर त्याच्या यादीत अनीश येणारच नाही.

मग आलं कुत्र्याघोड्याचं पान. उत्तरेत ज्या जुन्या शब्दाचा अर्थ कुत्रा, तोच शब्द नवाहोंमध्ये घोड्याला. पूर्वी ओझी कुत्री वाहायची, स्पॅनिश लोकांबरोबर घोडा आला तेव्हा या नव्या जनावराला जुनंच नाव मिळालं. माझा कुकर लावलेला होता, मी वाचता वाचता उठत होते, बसत होते, आणि त्या गडबडीत उलटंच सांगून बसले. म्हटलं, म्हणजे या लोकांकडे आधी घोडे होते आणि मग त्यांनी कुत्रे पाळले. आणि दाराच्या आतून आवाज आला. "उलटं. आधी कुत्रा." एवढंच, आणि मराठीत. त्या आवाजाला गंज चढला होता, पहिलं अक्षर धड फुटलं नाही. मी हालले नाही. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला, डाळीचं पाणी झालं. आपलं घर तुला माहीत आहे. या घरात मायेचं कोणी फारसं बोललं नाही, पण चूक कोणाची कोणी सोडली नाही. बाबा तुमचं मराठी सुधारायचे, तुम्ही दोघं आमचं इंग्रजी, आणि दादा सगळ्यांचं सगळं. पाहुण्यांनी बस नंबर चुकीचा सांगितला तरी त्याला राहवायचं नाही, मी डोळे वटारायची तरी तो सांगायचाच.

झालं, मला वाटलं किल्ली सापडली. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम चुका करायला लागले. बर्चला मासा म्हटलं. बीव्हरला पंख लावले. अलास्का दक्षिण गोलार्धात नेऊन ठेवलं, नवाहोंना ऑस्ट्रेलियात धाडलं. आतून काही नाही. शेवटी म्हटलं, इरा हे सगळं इंटरनेटवरून उतरवून काढते, म्हटलं निदान तुझ्यासाठी तरी बोलेल. तरीही नाही. आई नाटक करतेय हे त्याला कळत होतं. झालेली चूक आणि केलेली चूक त्याला दाराआडूनही ओळखू येते. साठीला आलेली बाई बंद दारासमोर बसून बीव्हरला उडवतेय, यात हसण्यासारखं आहे हे मला समजतं. मी हसलेसुद्धा, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आणि बाबा. त्यांच्यावर रागावू नकोस, पण हे तुला कळायला हवं. रोज सकाळी ते दाराशी उभं राहून "निघतो रे" म्हणतात, आणि बूट घालून झाले तरी थोडे घुटमळतात. उत्तर येत नाही, मग लिफ्टकडे जातात. मागच्या आठवड्यात त्यांनी ऑफिसात कुठल्याशा मुलाबद्दल ऐकलं, तोही असाच खोलीत बसलेला. त्याचं काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्याच दिवशी त्यांनी दारंकुलपं करणाऱ्या माणसाला फोन केला. येत्या शनिवारी तो येणार आहे, आणि खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून नेणार आहे. बाबा म्हणाले, दार नसलं तर निदान तो श्वास घेतोय हे तरी मला दिसेल. मी म्हटलं, आणि दार गेल्यावर त्यानं पाठ कुठे करायची? खिडकीकडेच ना? आपण कितव्या मजल्यावर राहतो ते तुला सांगायला नको. समुपदेशक बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मला विचाराल तर घाई नको, पण निर्णय तुमचा. आमचा म्हणजे नेमका कोणाचा? बाबांचं चूक आहे असं म्हणायची माझी छाती होत नाही. माझं बरोबर असेल असंही वाटत नाही. शनिवार जवळ येतोय आणि मी भाजी निवडतेय, कपडे वाळत घालतेय, आणि काय करायचं ते मला कळत नाही.

काल मी होडीचं पान वाचलं. मुद्दाम चुका करणं सोडून दिलं होतं, सरळ वाचत होते. नवाहोंच्या त्या कोरड्या मुलखात होडीचं काम पडावं असं पाणी जवळजवळ नाही. पण घुबड आवाज न करता हवेतून सरकत जातं, त्याला ते जे क्रियापद लावतात, ते उत्तरेतल्या भावंडभाषांमध्ये होडीनं जाण्याचं आहे, असं शंभरेक वर्षांपूर्वी एका अभ्यासकानं दाखवलं, हे तू लिहिलं आहेस. जमिनीवर पसरलेल्या बियांसाठीच्या शब्दात त्यालाच पडलेल्या बर्फाचा जुना शब्द सापडला. होड्या गेल्या, होडीत बसलेलं शेवटचं माणूस केव्हाच मरून गेलं, आणि क्रियापद मात्र घुबडाला चिकटून राहिलं. हे मराठीत सांगता सांगता मला पुलाउ उबीन बेट आठवलं, आणि कोणाला सांगतेय याचं भान न ठेवता मी तेही बोलत सुटले. तू अगदी लहान होतीस, बालवाडीत. चांगीच्या धक्क्यावरून आपण त्या लाकडी बमबोटनं गेलो, भाड्याच्या सायकली घेतल्या, तू चिखलात पडलीस आणि बुटात बेडूक शिरला म्हणून बेटभर आरडाओरडा केलास. परतताना मध्येच इंजिन बंद पडलं. तो डिझेलचा धडधडाट थांबला आणि एकदम सगळं शांत झालं, बोट आपली आपण पाण्यावरून सरकत होती. तू रडायला लागलीस. बाबा बोटवाल्याला सूचना द्यायला लागले, जणू जन्मभर इंजिनंच दुरुस्त करत आले होते. आणि दादा पुढच्या टोकाशी, पाण्यात बोटं सोडून बसला होता. त्याचा चेहरा इतका निवांत होता की तुला थोपटायचं सोडून मी त्याच्याकडे बघत राहिले. इंजिन सुरू झालं तेव्हा सगळ्या बोटीत तो एकटाच हिरमुसला.

एवढं बोलून मी पानं गोळा केली, आता उठून चहा टाकावा म्हणत होते. आणि आतून, अगदी जवळून, म्हणजे दाराला पाठ लावून खाली बसला असणार, त्यानं विचारलं. त्याच्या त्या शाळेतल्या, इथल्या इंग्रजीत. "नो बोट ऑलरेडी, देन व्हाय स्टिल कीप द वर्ड?" होडीच उरली नाही, मग शब्द कशाला ठेवला. इरा, ही चूक सुधारणं नव्हतं, हा प्रश्न होता. इतक्या महिन्यांत त्यानं कोणाकडे काहीही मागितलेलं नाही, ताप आला असेल तेव्हा गोळीसुद्धा नाही. आणि काल त्यानं एक गोष्ट मागितली, आणि ती माझ्याकडे नव्हती. मी पुन्हा प्रकरण चाळलं, त्यात नाही. मला जे सुचत होतं ते सगळं गुळचट होतं, आठवण, ओढ, मुळं वगैरे. ते बोलले असते तर त्याला वाटलं असतं, आई परत बीव्हर उडवायला लागली. मी म्हटलं, मला नाही माहीत रे, इराला विचारते. मग तो म्हणाला, ओके.

संध्याकाळी कोपी घेताना बाबांना सांगितलं. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आवाज कसा होता, दमलेला होता का, मला खात्री आहे का. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. तू कॉम्प्युटर सोडून भाषाशास्त्र घ्यायचं म्हणालीस, तेव्हा ते ताटावरून उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले होते, आठवतं? दादा त्यांच्या मागोमाग गेला, आणि परत आले तेव्हा बाबा म्हणाले, जाऊ दे तिला. दादा त्यांना काय बोलला होता हे आपल्याला कधीच कळलं नाही. काल बाबांनी सांगितलं. तो म्हणाला होता, "बाबा, तिला कुठे जायचंय ते तिला कळलंय. मला अजून नाही कळलेलं. निदान एकाला तरी जाऊ दे." बाबांना तेव्हा वाटलं, बहिणीसाठी लाडीगोडी लावतोय. काल ते सांगताना टेबलं पुसणाऱ्या काकू येऊन कप उचलून घेऊन गेल्या तरी त्यांना कळलं नाही. त्या कुलूपवाल्याला त्यांनी अजून नको म्हणून कळवलेलं नाही. म्हणाले, शनिवारपर्यंत बघू.

डिसेंबरात निघायच्या दिवशी तू त्या दारासमोर उभी राहून जे बोललीस, ते मी स्वयंपाकघरात ऐकलं होतं. "तू आईला मारून टाकतोयस." मी त्याबद्दल तुला काही म्हणणार नाही, कधीकधी मलाही तेच ओरडावंसं वाटतं. पण तुझं म्हणून त्याच्याजवळ शेवटचं तेवढंच वाक्य आहे, आणि तरीसुद्धा काल मी इराला विचारते म्हटल्यावर तो ओके म्हणाला. म्हणून हे पत्र. उत्तर मला नको, त्याला लिही. कागदावर लिहून फोटो पाठव, मी खालून छापून आणीन आणि दाराखालून सरकवीन. वर 'प्रिय दादा' असं लिहिता आलं तर लिही, नाही आलं तर नुसता मजकूर पाठव, तुझं अक्षर तो ओळखतो. त्याला समजावू नकोस, बाहेर ये म्हणू नकोस, माझ्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस. होडी नसताना त्या लोकांनी शब्द का ठेवला, तेवढंच सांग. कोणालाच माहीत नाही हेच उत्तर असेल, तर तेही चांगलं पानभर लिही. पण शनिवारच्या आत. तुझी कामं असतील, मनातून राग गेला नसेल, म्हणून घाईघाईतच लिही आणि परत वाचून सुधारत बसू नकोस. घाईत तुझ्या हातून एखादी चूक होतेच, ती तशीच राहू दे.

तुझीच,
आणि दादाचीही,
आई